घागरी सारख्या, घराणी वेगळी

किडे पकडून पचवणाऱ्या घटपर्णीचं नाव काढलं की झाकणाची सुरई डोळ्यांसमोर येते. किडा आत पडला की झाकण खटकन मिटतं, अशी समजूतही सोबत असतेच. आधी ती काढून टाकू. झाकण एकदा उघडलं की पुन्हा मिटत नाही. त्याचं काम छत्रीचं, पावसाने आतला रस पातळ होऊ नये एवढंच. शिवाय त्याच्या खालच्या अंगाला मध पाझरतो. म्हणजे छत्रीखाली भंडाराही मांडलेला असतो.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे. सुरया सारख्या दिसतात, म्हणून झाडं एका घराण्यातली असणार, ही ती समजूत. तीन झाडं घेऊ. मेघालयातली नेपेंथिस खासियाना, उत्तर अमेरिकेच्या दलदलीतली सॅरासेनिया आणि ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली सेफॅलोटस. तिघींचे नातेवाईक आपल्याच शिवारात भेटतात. नेपेंथिस ज्या गणात, म्हणजे अनेक घराण्यांच्या मोठ्या गटात, आहे त्यात तांदुळजा, राजगिरा, घोळ, फड्या निवडुंग आणि बोगनवेल येतात. सॅरासेनियाच्या गणात चिकू आणि किनवटच्या जंगलातला मोह. सेफॅलोटस तर कुंडीत न बोलावता उगवणाऱ्या आंबुशीच्या गणातली. नेपेंथिसला सॅरासेनिया जवळची नाही, तांदुळजा जवळचा आहे. सुरई तीनदा, तीन वेगळ्या घरांत घडली.

हे ठरवलं कशावरून? सुरईवर वर्गीकरण करायला गेलं की फसगत होते, कारण एकाच नेपेंथिसच्या वेलावर बुडाशी पोटफुगी, समोर दोन झालरी असलेली सुरई लागते आणि शेंड्याकडे निमुळती, नरसाळ्यासारखी, झालरी नावापुरत्या. शेजारी ठेवल्या तर दोन जाती वाटतात. म्हणून फूल पाहायचं, परागकण पाहायचे आणि आता जनुकं. नेपेंथिसमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फुलाला पाकळ्या नाहीत, चार निदलं आणि केसरांचा एकच जुडगा. सॅरासेनियाच्या फुलाला पाच पाकळ्या आणि मध्ये उलट्या छत्रीसारखा कुक्षीवृंत. रसायनही साक्ष देतं. चित्रकाच्या मुळीत जे प्लंबॅजिन असतं तेच नेपेंथिसमध्येही सापडतं, आणि चित्रक याच गणातला आहे.

घडणीतही फरक आहे. सॅरासेनियात अख्खं पान नळी होतं. नेपेंथिसमध्ये ज्याला आपण पान म्हणतो तो रुंदावलेला पर्णतल, म्हणजे पानाचा बुडखा, असतो. त्यापुढे ताणा आणि ताण्याच्या टोकाला सुरई. सेफॅलोटस काही पानं साधी ठेवते आणि काहींच्या सुरया करते. गंमत पुढेच आहे. 2017 साली सेफॅलोटसच्या जनुकसंचाचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की या वेगवेगळ्या घराण्यांनी पाचक द्रव्यं बनवताना रोगाशी लढणाऱ्या जुन्याच प्रथिनांना कामाला लावलं होतं, आणि काही ठिकाणी बदलही तेच केले होते.

सापळ्याचा खरा पेच तोंडाच्या काठावर आहे. नेपेंथिसच्या काठावर आत उतरणाऱ्या बारीक सऱ्या असतात. काठ कोरडा असला की मुंगी त्यावरून खुशाल फिरते. ओला झाला की सऱ्यांत पाण्याचा पातळ थर पसरतो आणि पाय ठरत नाही. 2004 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. कोरडा वेळ वाया जात नाही, मध चाखून गेलेली मुंगी वारुळातून टोळी घेऊन येते. बऱ्याच जातींत काठाखाली मेणाचा पट्टा असतो, त्यावर पकड मिळत नाही. तळाशी ग्रंथी, त्यांतून आम्लधर्मी रस आणि नेपेंथेसिन नावाचं प्रथिन तोडणारं द्रव्य. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी 1874 मध्ये अंड्याचा पांढरा बलक आणि मांसाचे तुकडे सुरईत टाकून हे पचन दाखवलं होतं. खासियाना या जातीला नावही त्यांनीच दिलं. खासी लोक तिला राक्षसाचं फूल म्हणतात, गारो लोक भुताची टोपली.

आता लातूर, बीडकडे कुंडीत लावलेली नेपेंथिस का मरते ते. उपासमारीने नाही, खाऊ घालून. झाड नत्र-स्फुरद कमी असलेल्या जागेतलं. मुळं नाजूक, क्षार सोसत नाहीत. शेणखत, गांडूळखत, काळी माती, तिन्ही बंद. कुंडीत स्फॅग्नम शेवाळ आणि परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके पांढरे दाणे) निम्मं निम्मं. कोकोपीट वापरायचं तर तीन-चार पाण्यांतून धुऊन, त्यातलं मीठ काढून मग.

पाणी हा मुख्य मुद्दा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घ्या, 50 पीपीएमच्या आत असलेलं पाणी उत्तम, 100 च्या वर नको. बोअरचं पाणी बाद. जारचं पाणी मोजल्याशिवाय घालू नका. घरच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, तेही मोजाच. पत्र्यावरचं पहिल्या पावसाचं पाणी सोडून देऊन पुढचं साठवलेलं सगळ्यात चांगलं, एसीचं पाणीही चालतं. कुंडीवर पांढरा थर दिसला की उशीर झालाय, माध्यम बदला.

एप्रिल-मेमध्ये ताण्याचं टोक वाळतं आणि सुरई फुगत नाही. लोक खत घालतात. कमी पडलेली असते हवेतली ओल. 50 टक्क्यांची शेडनेट, सकाळचं ऊन, कुंड्या जवळजवळ आणि खाली ओल्या वाळूचं ताट. कूलरच्या झोतात ठेवू नका. ओल मिळते, पण कूलरमधल्या बोअरच्या पाण्याचे तुषार पानांवर क्षार सोडतात. सुरईत मटणाचा तुकडा टाकला तर तो पचण्याआधी कुजतो आणि सुरई काळी पडते. एखाद-दुसरी मुंगी पुरे, नाहीतर काहीच नको. वाहतुकीत सुरई रिकामी झाली तर तिसऱ्या हिश्शापर्यंत कमी क्षाराचं पाणी ओता. जुनी सुरई वाळली की तेवढीच कापा, हिरवं पान राहू द्या; ते अजून अन्न तयार करतं.

घेताना संकरित, टिश्यू कल्चरचं रोप घ्या, व्हेंट्राटा हा नेपेंथिसचा संकर इथल्या हवेत बराच तग धरतो. खासियाना जंगलातून आणणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात ती येते. बियांच्या पुड्यांच्या जाहिरातींना भुलू नका. बी केसासारखं बारीक असतं आणि त्याचा जीव लवकर जातो. पाकिटातून उगवलंच, तर बहुधा तांदुळजा उगवेल.