लिफाफ्यावर नाव घालू नका

(हातात साधा तपकिरी लिफाफा)

हा बघा लिफाफा. मागून-पुढून दाखवते. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. वर ठळक अक्षरांत ‘पीआयडीपीआय’ (जनहितासाठी गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारी केंद्राची सोय), खाली सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, नवी दिल्ली. सरकारी पैशावर कुणी डल्ला मारतंय हे तुम्ही आतून बघितलंय आणि नोकरीही टिकवायचीय, तर सुरुवात इथून.

याच्यामागे एक जीव गेलाय. सत्येंद्र दुबे, महामार्ग प्राधिकरणाचे अभियंते. सुवर्ण चतुष्कोन या महामार्ग प्रकल्पाच्या कामातल्या गडबडींबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं. पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला बिहारमधल्या गयेत त्यांचा गोळी घालून खून झाला. सीबीआयच्या मते तो लुटीतला खून. असेल, पण नाव फुटलं होतंच ना? त्यानंतर, 2004 साली, केंद्रानं ही गुप्त तक्रारीची सोय सुरू केली.

आतल्या पत्रात मात्र नाव-पत्ता हवाच, निनावी पत्र आयोग घेत नाही. बरेचजण नेमकं उलटं करतात: आत निनावी आणि बाहेर ठसठशीत ‘प्रेषक’! ईमेल नको, पोस्टानंच पाठवा. काउंटरवर प्रेषकाचं नाव मागितलं तर सांगा, या लिफाफ्याला ती सक्ती नाही. पोच मिळणार नाही. पुढे तक्रार तुमचीच का, हे विचारणारं पत्र घरी येईल. त्याला उत्तर द्या, नाहीतर काम तिथंच अडलं.

मजकूरही जपून. “दहा तारखेला साहेबांनी केबिनमध्ये मला सांगितलं” असं लिहिलंत आणि केबिनमध्ये दोघंच होता, तर सही करायचीही गरज नाही, साहेब ओळखणारच. आणि तीच गोष्ट आधी व्हॉट्सअॅपवर फिरवली असेल, तर गुप्तता कसली डोंबलाची?

आता आमच्या गोव्याची मेख. गोवा शिपयार्ड, मुरगाव बंदर, सरकारी बँका, म्हणजे केंद्राचं जे जे, त्याला हा लिफाफा चालतो. साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं), पंचायत, पालिका? नाही. राज्यांनाही धरणारा, जागल्यांच्या, म्हणजे आतून गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये झाला. त्रास तक्रारीमुळे दिला नाही हे खात्यानं सिद्ध करायचं, असं त्यात आहे. छान! फक्त तो लागू करणारी अधिसूचनाच निघालेली नाही.

राज्याच्या कारभारावरच्या तक्रारींसाठी लोकायुक्तांचं पद आहे. पण 2020 मध्ये निवृत्त होताना न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा काय म्हणाले? एकवीस अहवाल दिले, सरकारनं एकावरही कारवाई केली नाही.

म्हणून राज्याच्या कामात मी आधी कागद धरायला सांगते. हॉटमिक्सचा, म्हणजे डांबराचा, थर कागदावर जाड आणि रस्त्यावर पापडासारखा असेल, तर माहिती अधिकारात मेजरमेंट बुकाची (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीची) प्रमाणित प्रत मागा. त्याच कायद्यात मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक. कारण सांगावं लागत नाही. मात्र अर्जावर नाव असतं, तेव्हा त्याच खात्यात नोकरी असेल तर अर्ज खात्याबाहेरच्या विश्वासू माणसाला करू द्या.

शंका असतील तर खाली विचारा. खात्याचं आणि साहेबाचं नाव न घालता, हं.