खरेदीखतातला रंग

अमेरिकेतल्या वंशभेदावर बोलायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेली चित्रं येतात. पांढरी टोकदार टोपडी घातलेले कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक, माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्यासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स, मिनीआपोलिसच्या रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर टेकलेला पोलिसाचा गुडघा. ती सगळी खरी आहेत. आज मात्र मी कागदांबद्दल बोलणार आहे: खरेदीखत, नकाशा, कर्जाचा अर्ज, घराच्या मूल्यांकनाचा अहवाल. शिवी देणारा माणूस कधीतरी मरतो, दस्त मात्र नोंदणी कार्यालयात तसाच राहतो.

पहिला दस्त त्याच मिनीआपोलिसचा, १९१० सालचा. त्यातलं कलम असं की ही जागा चिनी, जपानी, मूर, तुर्क, निग्रो, मंगोल किंवा आफ्रिकी रक्ताच्या माणसाला कधीही विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. पुढची तीसेक वर्षं असली कलमं देशभर लिहिली गेली. काही ठिकाणी ‘कोणत्याही आशियाई वंशाचा’ एवढाच शब्द होता, म्हणजे आपणही त्यात आलोच. बहुतेक दस्तांत एक अपवाद ठेवलेला असे: घरकामाला असलेले नोकर. काळ्या बाईने तिथे राहून मुलं सांभाळली तर हरकत नाही, घर तिच्या नावावर नको.

हे खासगी दस्तातून इतकं का पसरलं? कारण सरकारी वाट बंद झाली. केंटकीतल्या लुईव्हिल शहराने कोणत्या वंशाने कोणत्या गल्लीत राहायचं याचा नियमच केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. मग नगरपालिकेचं काम बिल्डर आणि शेजारी यांनी उचललं. नव्या वसाहतीत बिल्डर प्रत्येक प्लॉटच्या खतात कलम घालायचा. जुन्या गल्लीत शेजारी घरोघर फिरून सह्या गोळा करायचे. हे बंधन माणसावर नसून जमिनीवर बसायचं. विकणारा बदलला, घेणारा बदलला, तरी ते खतातून खतात जात राहायचं. कुणी मोडलं तर शेजाऱ्याने दावा लावायचा आणि न्यायाधीशाने नव्या मालकाला बाहेर काढायचं. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला हरकत घेतली नाही.

सेंट लुईसच्या लॅबडी अव्हेन्यूवर १९११ मध्ये असा करार झाला होता. ३९ पैकी ३० मालकांच्या सह्या, मुदत ५० वर्षं. १९४५ मध्ये शेली या काळ्या कुटुंबाने तिथे घर घेतलं तेव्हा या कराराचा त्यांना पत्ताच नव्हता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ३ मे १९४८ ला निकाल लागला. नऊपैकी तीन न्यायाधीश सुनावणीतून बाजूला झाले होते, कारण त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घरांवरही असलंच कलम असावं, असा सर्वसाधारण समज आहे. उरलेल्या सहांनी एकमताने सांगितलं की लोकांनी आपसात असा करार करणं बेकायदा नाही, पण न्यायालय त्याची अंमलबजावणी करणार नाही. कलम जिवंत ठेवलं, फक्त त्याचे दात काढले. त्यानंतरही लोक ते लिहीतच राहिले.

आता पैशाकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे.

१९२० च्या दशकात अमेरिकेत घर घ्यायचं तर निम्मी रक्कम रोख लागायची. उरलेलं कर्ज पाच-सात वर्षांचं. बऱ्याचदा दरमहा फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल शेवटी एकरकमी. मंदीत ही पद्धत कोसळली. १९३३ मध्ये गृहमालक कर्ज महामंडळ आलं आणि १९३४ मध्ये संघीय गृहनिर्माण प्रशासन, म्हणजे एफएचए. महामंडळाने २०० हून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे सर्वोत्तम, निळा चालण्यासारखा, पिवळा उतरणीला लागलेला, लाल म्हणजे धोकादायक. प्रत्येक तुकड्यासोबत एक फॉर्म होता. त्यात घरांचं वय, छपराची दुरुस्ती यांच्याबरोबर निग्रो लोकसंख्येचा रकाना होता आणि कोणाची ‘घुसखोरी’ होते आहे याचाही. ‘रेडलायनिंग’ हा शब्द यावरून रूढ झाला.

हे नकाशे आज सगळीकडे फिरतात आणि सगळं पाप त्यांच्या माथी मारलं जातं. माझं मत थोडं वेगळं आहे. महामंडळाने लाल भागातही कर्जं दिली होती. मोठा घाव घातला तो एफएचएने. एफएचए स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवत असे. विमा मिळाला की बँकेची जोखीम संपली. मग १०-२० टक्के भरून २०-२५ वर्षांच्या सारख्या हप्त्यांवर घर मिळू लागलं. आज आपण गृहकर्ज म्हणतो ते हेच. पण विमा कुठल्या घराला द्यायचा हे ठरवायला नियमपुस्तिका होती. १९३८ च्या पुस्तिकेत लिहिलं होतं की वस्ती स्थिर राहायची तर तिथे त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाचे लोक राहिले पाहिजेत, आणि त्यासाठी खतातली बंधनं चांगली. सरकारी शिक्क्यानिशी.

डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण प्लॉट काळ्या वस्तीला लागून होता म्हणून विमा नाकारला गेला. त्याने १९४१ मध्ये दोन्हींच्या मध्ये अर्धा मैल लांब, सहा फूट उंच काँक्रीटची भिंत बांधली. विमा मंजूर. ती भिंत अजून उभी आहे, आता तिच्यावर भित्तिचित्रं आहेत.

युद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी कर्जहमीची योजना निघाली. कायदा सर्वांना सारखा, पण कर्ज द्यायचं स्थानिक बँकेने. १९४७ मध्ये मिसिसिपीत या योजनेतून ३,२२९ कर्जं दिली गेली, त्यातली काळ्या सैनिकांना दोन. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १७,००० हून अधिक घरं उभी राहिली. १९४९ मध्ये एक घर ७,९९० डॉलरला, सैनिकाला जवळपास काहीच न भरता. सुरुवातीला ही घरं भाड्याने दिली जात, त्या भाडेकरारात अट होती की कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणी इथे राहणार नाही, नोकर वगळून. १९६० सालीही तिथल्या रहिवाशांत काळे जवळपास नव्हतेच.

ज्याला बँक दारात उभी करत नाही त्याने घर कसं घ्यायचं? शिकागोत त्याला एक वाट होती, आणि ती फार वाईट होती. आपल्याकडच्या साठेखतासारखा करार समजा. दलाल गोऱ्या कुटुंबाला घाबरवून त्यांचं घर पडेल भावात घ्यायचा. घाबरवण्याची तंत्रंही ठरलेली: काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी घेऊन गल्लीतून फिरवायचं, फोन करून काळ्यांचं वाटेल अशा नावाच्या माणसाची चौकशी करायची. मग तेच घर दुप्पट किमतीत काळ्या कुटुंबाला हप्त्यांवर विकायचं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. कर, विमा, गळकं छप्पर मात्र घेणाऱ्याच्या गळ्यात. एक हप्ता चुकला की घर गेलं आणि भरलेले सगळे पैसेही गेले. तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला. हप्ता चुकू नये म्हणून माणसं दोन-दोन नोकऱ्या करायची, पोटभाडेकरू ठेवायची, दुरुस्ती पुढे ढकलायची. मग वस्ती खचायची, आणि खचलेली वस्ती दाखवून लोक म्हणायचे, बघा, हे आले की असं होतं. १९६८ मध्ये नॉर्थ लॉन्डेल भागातल्या या खरेदीदारांनी संघटना उभी केली आणि हप्ते थांबवून लढा दिला.

पैसा आणि कीर्ती असली की सुटका होत असेल? हॅटी मॅकडॅनियल यांना २९ फेब्रुवारी १९४० ला ऑस्कर मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या कलावंत. सोहळा लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात होता. तिथे काळ्यांना प्रवेश नसल्याने निर्मात्याला खास परवानगी काढावी लागली, आणि त्यांना बाकीच्या चमूपासून वेगळं, भिंतीकडच्या छोट्या टेबलावर बसवलं. भूमिका मोलकरणीची होती. म्हणजे खतातला अपवादच पडद्यावर. त्यांनी शुगर हिल नावाच्या वस्तीत मोठं घर घेतलं. ईथेल वॉटर्स, लुईस बीव्हर्स यांसारख्या अभिनेत्रीही तिथेच होत्या. गोऱ्या शेजाऱ्यांनी जुन्या कलमावर दावा लावला. काळ्या रहिवाशांचे वकील लॉरेन मिलर यांनी कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीवर बोट ठेवलं. न्यायाधीश थर्मंड क्लार्क स्वतः वस्ती बघून आले आणि डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी दावा फेटाळला. पण पुढे सांता मोनिका महामार्गाची आखणी झाली तेव्हा तो रस्ता नेमका शुगर हिलमधून गेला. मॅकडॅनियल १९५२ मध्येच वारल्या होत्या. हॉलिवुडच्या दफनभूमीत जागा मिळावी ही त्यांची इच्छा होती, ती काळ्या म्हणून नाकारली गेली. तिथे त्यांच्या नावाचा दगड लागला १९९९ मध्ये.

काळे गायक नॅट किंग कोल यांनी १९४८ मध्ये त्याच शहरातल्या हॅनकॉक पार्कमध्ये घर घेतलं. शेजाऱ्यांची शिष्टमंडळं आली. नको ती माणसं वस्तीत नकोत, असं त्यांना सांगण्यात आलं. मलाही नकोत, कुणी दिसलं तर पहिली तक्रार मीच करीन, असं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात. पुढे त्यांच्या हिरवळीवर शिवी जाळून कोरली गेली, कुत्र्याला विष घातलं गेलं. त्यांची गाणी मात्र त्याच घरांतल्या रेडिओवर वाजत होती. बेसबॉलचे विली मेज १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आले. ३७,५०० डॉलर रोख द्यायला तयार होते, तरी शेजाऱ्यांच्या दबावाने मालक मागे सरला. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, महापौर मध्ये पडले, तेव्हा घर मिळालं. कीर्तीचा उपयोग एवढाच की बातमी होते.

राजकारणाने या सगळ्याला एक सोज्वळ नाव शोधलं: मालमत्तेचा हक्क. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये घरविक्रीतला भेदभाव रोखणारा कायदा केला. १९६४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी प्रस्ताव १४ मंजूर करून तो रद्द केला, सुमारे ६५ टक्के मतांनी. त्याच दिवशी त्याच मतदारांनी नागरी हक्क कायद्यावर सही करणाऱ्या लिंडन जॉन्सन यांना भरघोस मतं दिली. कॅलिफोर्निया म्हणजे दक्षिणेतलं मागास राज्य नव्हे, हे ध्यानात घ्या. १९६६ मध्ये रोनाल्ड रेगन त्या कायद्याला विरोध करून गव्हर्नर झाले. प्रस्ताव १४ सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्या प्रचारात काळ्या माणसाविरुद्ध एक शब्द बोलावा लागत नव्हता, तीच त्याची सोय.

केंद्राचा कायदा अडकून पडला होता. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली आणि ११ एप्रिलला फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. मात्र सरकारी खात्याला फक्त समेट घडवण्याचा अधिकार दिला. दंड करण्याची खरी यंत्रणा १९८८ च्या दुरुस्तीने आली. १९७३ मध्ये न्याय विभागाने न्यूयॉर्कच्या ट्रम्प मॅनेजमेंट कंपनीवर, फ्रेड आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर, काळ्या भाडेकरूंना घरं नाकारल्याबद्दल दावा लावला. १९७५ मध्ये दोष कबूल न करता समझोता झाला.

आता कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. मग भेदभाव पकडायचा कसा? जोडीने चाचणी घेऊन. दोन माणसं घ्यायची, पगार, कुटुंब, मागणी सगळं सारखं, फरक फक्त वंशाचा. काही अंतराने दोघांना एकाच एजंटकडे पाठवायचं आणि कोणाला किती घरं दाखवली, कोणाकडे आधी बँकेचं पत्र मागितलं, याची टिपणं जुळवायची. एकट्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, कारण त्याच्याशी एजंट हसूनच बोललेला असतो. न्यूजडे या वृत्तपत्राने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तीन वर्षं अशा ८६ चाचण्या छुप्या कॅमेऱ्याने केल्या आणि २०१९ मध्ये छापल्या. काळ्यांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक, हिस्पॅनिकांना ३९, आशियाईंना १९. तो शेवटचा आकडा आपल्या माणसांनी दोनदा वाचावा. १९२३ मध्ये भारतातून अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरे नाहीत’ म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. त्यांनी युक्तिवाद केला होता तो आपण उच्चजातीय आर्य असल्याचा. जातीचा दाखला तिथे चालला नाही.

मूल्यांकनाचा प्रकार आणखी बारीक. कॅलिफोर्नियातल्या मरिन सिटीत एका काळ्या जोडप्याच्या घराची किंमत ९,९५,००० डॉलर ठरवली गेली. त्यांनी दुसरं मूल्यांकन मागवलं. या वेळी घरातले फोटो आणि आफ्रिकी कलावस्तू काढल्या, गोऱ्या मैत्रिणीचे कौटुंबिक फोटो लावले आणि दार तिने उघडलं. काही आठवड्यांच्या अंतराने आकडा आला १४,८२,५००. असं का होतं, तर मूल्यांकनकार ‘तुलनेची घरं’ निवडतो. ती कुठल्या वस्तीतली घ्यायची हे त्याच्या हातात, आणि काळ्या वस्तीतले भाव आधीच दबलेले. अहवाल हातात आला की वाचायचं ते तेच पान: कोणती घरं निवडली, ती किती लांबची, आणि जवळची कोणती वगळली. तक्रार संघीय गृहनिर्माण खात्याकडे एक वर्षाच्या आत करता येते, कोर्टात दोन वर्षांच्या आत.

या सगळ्याची बेरीज फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत दिसते. मधल्या, म्हणजे मालमत्तेच्या क्रमाने लावल्यास बरोबर मध्यावर येणाऱ्या, गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर, मधल्या काळ्या कुटुंबाची ४४,९००. सार्वजनिक शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येत असल्याने घराची किंमत पडली की शाळाही पडते.

आणि ती जुनी कलमं? ती अजून खतांत आहेत. कायद्याने निष्प्रभ, पण घर घेताना पानं उलटली की समोर येतात. मिनेसोटात २०१९ पासून मालकाला एक फॉर्म भरून, हे कलम मला मान्य नाही, असं निवेदन नोंदवता येतं. मूळ पान काढत नाहीत. नवं पान त्याच्या मागे लागतं आणि पुढच्या खरेदीदाराला दोन्ही मिळतात.