गुलालात चुकलेलं माणूस

(दृश्य: जोतिबाचा डोंगर, चैत्र यात्रा. सासनकाठ्या, गुलालात न्हालेली गर्दी.)

चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर आपलं माणूस चुकलं तर शोधायचं कसं? गुलालानं सगळेच सारखे. मग कर्ण्यावरून नाव पुकारायचं. ऐकतात सगळे, मागं वळतो एकच.

(दृश्य: कोल्हापुरातली प्रयोगशाळा. काचपट्टीवर पुसट काप.)

हा उंदराच्या मेंदूचा काप. जाडी 15 मायक्रॉन, केसाहून कितीतरी पातळ. इथंही गर्दीच. यातल्या डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशी कुठल्या, हे नुसत्या रूपावरून सांगता येत नाही. पण पेशी जे प्रथिन बनवते, त्याची चिठ्ठी तिच्याजवळ असते: संदेशवाहक आरएनए. डोपामाइनसाठी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, लागतं. त्याची चिठ्ठी जिच्याकडे, ती आपली.

त्या चिठ्ठीला अक्षर न अक्षर जुळणारा उलटा धागा तयार करायचा. आरएनएची अक्षरं चारच: ए समोर यू, जी समोर सी. हा झाला प्रोब, म्हणजे आपली हाक. 1969 मध्ये जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी अशाच हाकेनं बेडकाच्या पेशींत जनुकं शोधली, तेव्हा प्रोबवरची खूण किरणोत्सारी होती. इथं खूण आहे डिजॉक्सिजेनिनची. हा रेणू फॉक्सग्लव्ह या झाडाच्या कुळातला. उंदराच्या अंगात तो नसतोच, म्हणून तर निवडला.

(दृश्य: हातमोजे चढवणारे हात.)

मोजे आपल्यासाठी नाहीत, चिठ्ठीसाठी आहेत. बोटांवरची विकरं आरएनए बघता बघता खाऊन टाकतात.

रात्रभर काप प्रोबसोबत उबेत राहतो. सकाळी धुणं सुरू. गरम, कमी मिठाचं द्रावण. पुन्हा, आणि पुन्हा. अर्धवट चिकटलेले धागे यात सुटतात. पाहणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खरी कसोटी इथंच. धुणं कमी पडलं की सगळा डोंगरच गुलालानं माखतो, मग माणूस कुठलं सापडायला!

मग त्या खुणेला धरणारं प्रतिपिंड. त्याच्यासोबत आलेलं विकर जिथं बसेल, तिथं गडद जांभळा रंग उतरतो.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक. दोन काचपट्ट्या.)

संशोधक आधी दुसरीच काच लावते. हिच्यावर मुद्दाम सुलट धागा टाकला होता, चिठ्ठीला न जुळणारा. इथं रंग दिसला, तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात.

कोरी आहे.

आता पहिली. मध्यमेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, जांभळ्या ठिपक्यांची रांग.

(दृश्य: ठिपके स्थिर. आवाज बंद.)