काठ आणि रेघ

(दृश्य : बेळगावातलं वडगाव, सकाळ. अरुंद गल्ली, यंत्रमागाचा आवाज.)

वडगावात गल्लीत शिरलं की माग आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. खटक-खटक, खटक-खटक. मागावर साडी चढलेली आहे. मधलं अंग एका रंगाचं, दोन्ही कडांना काठ. शहापूरच्या दुकानात या काठाला सगळे 'बॉर्डर'च म्हणतात. बॉर्डर चार बोटांची हवी, असं गिऱ्हाईक सांगतं आणि दुकानदार बरोबर तीच साडी काढतो.

बेळगावच्या माणसाच्या कानावर हा शब्द आणखी एका अर्थानं लहानपणापासून पडत असतो. त्याच्याकडे पुढं येऊच.

(दृश्य : संध्याकाळ. फळा, बाकांवर मुलं.)

मी इथल्या दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. घरी मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, अर्जावर इंग्रजी, अशी ही मुलं. एकदा फळ्यावर दोन शब्द लिहिले : बॉर्डर आणि बाउंड्री. मराठीत काय म्हणाल, असं विचारलं. वर्ग एका सुरात म्हणाला, "सीमा!" दोन्हींना सीमा.

मुलांचं इंग्रजी कच्चं म्हणून असं होतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मराठीनं दोन गोष्टी एकाच शब्दात ठेवल्या असतील, तर नेमकं तिथंच मूल अडखळतं. शिकलेली मोठी माणसंही तिथंच अडखळतात. मीही अडखळलोय.

(दृश्य : उद्यमबाग. भट्टी, ओतीव लोखंड.)

तरुणपणी मी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पत्रव्यवहार बघायचो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला कळवलं, 'कास्टिंग विल बी रेडी टिल सॅटर्डे.' माझ्या मनात होतं, शनिवारपर्यंत माल तयार होईल. तिकडून फोन आला : शनिवारनंतर माल मिळणार नाही का?

मराठीत 'पर्यंत' दोन्हीकडं चालतं. 'दुकान शनिवारपर्यंत बंद' आणि 'पैसे शनिवारपर्यंत द्या'. पहिल्या वाक्यात दुकान तोवर सलग बंदच आहे, तिथं 'टिल'. दुसऱ्यात पैसे एकदाच द्यायचे, फक्त शनिवार ओलांडायचा नाही, तिथं 'बाय'. मी मुलांना एक खूण सांगतो. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून बघा. 'पैसे शनिवारच्या आत द्या' हे जमतं, म्हणून बाय. 'दुकान शनिवारच्या आत बंद' म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणून टिल. एवढंच लक्षात ठेवायचं, की 'आत' म्हटल्यावर शनिवार धरायचा की नाही यावर वाद होतो, 'बाय'मध्ये शनिवार धरलेला असतो. ज्यांना कन्नड येतं त्यांना हे लवकर उमगतं, कारण त्यांच्याकडे 'शनिवारदोळगे', म्हणजे 'शनिवारच्या आत', हा शब्द तयारच असतो. शेजारची भाषा इंग्रजीला अशी मदत करते.

बॉरो आणि लेंडचा घोळ छोटा आहे. आपल्याकडे 'उसनं' एकच. घेतलं की देतोय, ते पुढचं क्रियापद सांगतं. इंग्रजीनं दिशा शब्दातच घातली : घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड.

काही जोड्या मात्र मराठीला आधीच येतात. जांबोटीच्या बाजूला रेंज गेली की माणूस फोनवर ओरडतो, "ऐकू येतंय काय?" हे हिअर. आई पोराला म्हणते, "माझं ऐकतोस का नाही?" हे लिसन. एक आपोआप कानावर येतं, दुसरं आपण मन लावून करतो. दिसणं आणि बघणं, सी आणि लुक, यांचंही तसंच. म्हणून रेंज नसताना 'आर यू लिसनिंग?' असं विचारलं, तर समोरच्याला ती दटावणी वाटते.

आणि एका ठिकाणी तर इंग्रजीच तोकडी पडते. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला मी सांगतो, "आम्ही बेळगावचे." शेजाऱ्याला सांगतो, "आपण बेळगावचे." इंग्रजीत दोन्हीकडं 'वुई', आजच्या कन्नडमध्ये दोन्हीकडं 'नावु'. ऐकणारा त्यात आहे की नाही, हे मराठी एका शब्दात सांगते. हे सांगताना वर्गात मला फार बरं वाटतं.

(दृश्य : शेतातला बांध. मग जुना नकाशा.)

आता सीमेकडं. शेताचा बांध, गावची शीव, क्रिकेटच्या मैदानाची कड, या सगळ्या बाउंड्री. आपली हद्द कुठं संपते ते सांगणारी रेघ. नकाशावर तिला रुंदी नसते. बॉर्डरला असते. बॉर्डर म्हणजे रेघही आणि रेघेच्या अलीकडचा-पलीकडचा पट्टाही. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना हा शब्द कडा, किनार असाच अर्थ घेऊन आला, म्हणून साडीच्या काठाला तो शोभतो.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. 1966 साली केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाच्या इंग्रजी नावात 'बाउंड्री डिस्प्यूट्स' असे शब्द आहेत. बाउंड्री हा शब्द तिथं चपखल आहे, कारण प्रश्न रेघ कुठून जावी याचा होता, कोणतं गाव कुणाकडं याचा होता. पण निपाणी, खानापूर, बेळगाव या पट्ट्याला आपण सीमाभाग म्हणतो, तेव्हा आपल्या मनात बॉर्डर असते. इथं घरं आहेत, बाजार आहेत, दोन्ही भाषा बोलणारी माणसं आहेत. बाउंड्रीवर कुणी राहत नाही.

(दृश्य : पुन्हा वर्ग.)

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरी माग आहे. म्हणाली, "सर, बॉर्डर म्हणजे काठ. मग बाउंड्री म्हणजे, एक साडी संपून दुसरी सुरू होते ना, तिथं मधे सुटे धागे ठेवतात. तिथं कातर लावतात, ती."

(दृश्य : माग थांबतो. दोन साड्यांमधले सुटे धागे. कातर.)