तर्रीचा डाग आणि साबणाची घाई

नमस्कार श्रोतेहो.

पांढऱ्या सदऱ्यावर तर्रीचा थेंब पडला की हात आधी साबणाकडे जातो. साबण लागताच पिवळा डाग लालभडक होतो आणि घरात ओरड सुरू होते, डाग वाढला म्हणून. तो वाढलेला नसतो. हळदीतलं कर्क्युमिन साबण-सोड्याच्या संगतीत तांबडं दिसतं. स्वच्छ पाण्यात खळबळून साबण निघाला की ते पुन्हा पिवळं होतं. पण तोवर घाबरून आपण ब्रश मारलेला असतो, वरून कढत पाणी ओतलेलं असतं, आणि कापडाचं खरं नुकसान त्यातच होतं.

सावजी रस्सा असो की तर्रीपोहे, त्या एका डागात दोन डाग असतात: तेल आणि हळद. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून आधी तेल काढायचं. वरचा मसाला चमच्याच्या कडेने अलगद उचला. पुसू नका, पुसलं की तो धाग्यात शिरतो. डागावर टाल्कम पावडर दाबून पंधरा-वीस मिनिटं राहू द्या आणि झटका. मग कापड कोरडं असतानाच भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून बोटाने हलकं चोळा. कोरड्यावर अशासाठी, की आधी पाणी लागलं तर साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत नीट पोचत नाही. दहा मिनिटांनी कापड उलटं करून मागच्या बाजूने कोमट पाण्याची धार सोडा, म्हणजे डाग आल्या वाटेने बाहेर पडेल. हाताला चिकटपणा लागतोय तोवर हेच पुन्हा करा.

उरलेली पिवळी छटा उन्हावर सोपवा. कर्क्युमिन उजेडात मोडतं, आणि ऊन आपल्या नागपूरला कोणाकडून मागावं लागत नाही. सुती कापड ओलं करून डागाची बाजू वर ठेवून वाळत घाला, सुकलं की पुन्हा भिजवा. रंगीत कापड असेल तर डागापुरता भाग उघडा ठेवून बाकीचं झाका आणि दर अर्ध्या तासाने बघत राहा, कारण ऊन कापडाचा रंगही उडवतं. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र फिरवू नका, उष्णतेने तो पक्का बसतो.

एवढ्यावरही पांढऱ्या सुती कापडावर छटा राहिलीच, तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर 6 टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी मिसळा, डागावर लावा, अर्ध्या तासाने धुवा. क्लोरीनचं ब्लीच फक्त पांढऱ्या सुतीला: लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे, पाच मिनिटं, मग भरपूर पाणी. रेशीम आणि लोकर त्यात अक्षरशः विरघळतात, लायक्रा पिवळा पडून कमजोर होतो. आणि ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

रक्त, दूध, अंडं यांचे डाग प्रथिनांचे. गरम पाण्यात अंडं घट्ट होतं, तसा हा डाग धाग्यातच घट्ट होतो. म्हणून थंड पाणी. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल इतकं तापलेलं येतं, ते घेऊ नका. माठातलं घ्या. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ टाकून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा.

खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) किंवा पानाच्या डागाला धुण्याचा सोडा लावणं म्हणजे त्याला मदत करणं. चुन्यामुळेच सुपारी लाल होते, सोड्याने ती आणखी गडद होते. ताज्या डागावर लिंबाचा रस किंवा आंबट दही दहा मिनिटं ठेवा, धुवा, मग साबण. बॉलपेनच्या शाईखाली जुनं फडकं ठेवून वरून स्पिरिट थेंबाथेंबाने सोडा आणि फडकं सरकवत राहा, नाहीतर सुटलेली शाई परत तिथंच बसेल. नेलपॉलिश रिमूव्हर चमकदार अस्तराला लावू नका. ते कापड अॅसिटेट या कृत्रिम धाग्याचं असलं तर तिथं भोक पडेल. बिब्ब्याचा डाग मात्र निघत नाही. धोबी त्याच रसाने कपड्यांवर खुणा करत, ते उगाच नव्हे. त्याच्या मागे लागून कापड फाडू नका.

आता कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी. आपल्याकडच्या करवतकाठी साडीला अंग कोशाचं आणि काठ सुताचा. दोन्ही धागे पाण्यात सारखे वागत नाहीत, म्हणून साडी बादलीत भिजत घातली की काठाला चुण्या पडू शकतात. रेशीमही प्रथिनच. धुण्याचा सोडा त्याला खातो, आणि ज्या एन्झाइमवाल्या पावडरी रक्ताचा डाग पचवतात त्या रेशीमही पचवतात. तेल सांडलं तर टाल्कम पावडर रात्रभर ठेवा, मऊ ब्रशने झटका, दोन-तीनदा करा. बरंचसं तेल त्यातच निघतं. पाणी लावायचंच असेल तर आधी आतल्या शिवणीपाशी किंवा फॉलखाली ओलं पांढरं फडकं दोन मिनिटं दाबून रंग सुटतो का ते बघा. मग रिठ्याच्या गाळलेल्या पाण्याने, कडेकडून मध्याकडे, नुसतं टिपत जा. घासलं तर तिथली चमक कायमची जाते. शेवटी आजूबाजूचा भागही ओलसर करून पंख्याखाली सुकवा, नाहीतर डाग जातो आणि पाण्याचं कडं उरतं. रेशमाला ऊन नको. जरीला लिंबू-व्हिनेगर नको, ती काळवंडते.

हळद रेशमात बसलीच, तर घरचे प्रयोग थांबवून साडी ड्रायक्लीनिंगला द्या. डागाभोवती कच्चा टाका घाला, आणि चिठ्ठीवर लिहा: काय सांडलं, केव्हा सांडलं, घरी काय लावलं. त्यावरूनच ड्रायक्लीनिंगवाला कोणतं रसायन वापरायचं ते ठरवतो.

नमस्कार.