पावती कोणी फाडायची?

(दृश्य : काचेमागची निळी चकती)

फ्रँकफर्ट. गाडी कधी लावली हे दाखवायला काचेमागे ठेवायची ही पार्किंगची चकती. 10 वाजून 3 मिनिटांनी गाडी लावली, तरी चकतीवर साडेदहाच दाखवायचे. जर्मनीत नियमच तसा आहे. गाडी थांबवल्यावर जो पुढचा अर्धा तास येतो, त्यावर काटा. या रस्त्याच्या फलकावर 1 तास लिहिलाय, म्हणजे ही गाडी साडेअकरापर्यंत इथे उभी राहू शकते. चकती 15 सेंटिमीटर उंच, 11 रुंद, निळीच हवी. घड्याळासारखी आपोआप पुढे सरकणारी चकती चालत नाही. वेळ संपत आली की येऊन हाताने काटा पुढे ढकलणंही चालत नाही. गाडी खरोखर तिथून निघाली पाहिजे.

ती निघाली होती का, हे चाक सांगतं.

(दृश्य : चाक, अगदी जवळून)

हा हवा भरायचा व्हॉल्व्ह. चाक म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची आणि व्हॉल्व्ह कोणत्या आकड्यावर आहे ते टिपायचं. पुढचं चाक 10, मागचं 4. गाडी फेरी मारून याच जागी परत आली, तर दोन्ही आकडे तेच राहणं जवळपास अशक्य, कारण वळणावर पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठा वळसा घेतं. म्हणूनच दोन्ही चाकं टिपायची. एकच टिपलं, तर ‘योगायोगाने जुळलं’ म्हणायला गाडीवाला मोकळा. सोबत नंबर, रस्ता, चकतीवरची वेळ आणि पाहणीची वेळ. हीच नोंद पुढे पुरावा म्हणून उभी राहते.

अर्ध्या तासापर्यंत जास्त थांबलात तर 20 युरो, 3 तासांच्या वर 40. सायकलच्या वाटेवर गाडी लावली तर 55. आठवड्यात पैसे भरले की विषय मिटला. नाहीतर रीतसर दंडाचा आदेश येतो आणि वर 28 युरो 50 सेंट खर्च.

(दृश्य : गणवेशाची पाठ, त्यावरची अक्षरं)

श्टाटपोलिट्साय. नगर पोलीस. 110 वर फोन केला तर येतात ते हे नव्हेत, ते हेसन राज्याचे पोलीस. हे शहराच्या ओर्डनुंग्सआम्टचे, म्हणजे सुव्यवस्था विभागाचे कर्मचारी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्यातल्या भागात खरोखरीचं पोलीस दल शहरांच्या हाती होतं. पुढे राज्यांनी ते एकेक करून आपल्याकडे घेतलं. सगळ्यात शेवटी म्युनिचचं, 1 ऑक्टोबर 1975 रोजी. फ्रँकफर्टमध्ये नाव आज पुन्हा पाठीवर दिसतं, अधिकार मात्र मोजकेच.

आणि जे आहेत, ते कोणाला द्यायचे यावरच खटला उभा राहिला. रक्कम 15 युरो. गाडी थांबायला मर्यादा असलेल्या जागी लावलेली. नोंद करणाऱ्याच्या अंगावर शहराचाच गणवेश होता, पण माणूस खासगी कंपनीकडून भाड्याने घेतलेला. शहराने त्याला सहायक पोलीस म्हणून नेमलं होतं. 3 जानेवारी 2020 रोजी फ्रँकफर्टच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने ही नेमणूकच बेकायदा ठरवली. रस्त्यावर नजर ठेवून दंड करणं हे राज्यसत्तेचं काम आहे, ते कंत्राटावर देता येत नाही. शिवाय त्या गणवेशामुळे समोर खरा पोलीस उभा आहे असं नागरिकाला वाटतं, म्हणजे त्याची फसवणूक होते. अशी नोंद पुरावा म्हणून चालणार नाही.

न्यायालयाने योग्य तेच केलं. 2018 या एका वर्षात या शहराने 7 लाखांहून जास्त पावत्या फाडल्या, 1 कोटी युरोंच्या वर रक्कम जमा झाली. इतक्या वेळा लोकांच्या खिशात हात घालणारा माणूस शहराला थेट जबाबदार असायलाच हवा.

15 युरोंचा खटला बंद झाला.

(दृश्य : पुन्हा तोच फुटपाथ, तीच गाडी)

11 वाजून 42 मिनिटं. चकती अजून साडेदहावर. पुढचं चाक 10. मागचं 4. बारा मिनिटं जास्त, 20 युरो.