टाळी कुठे पडली?

मंडळी, नव्या राष्ट्राध्यक्षाचं शपथविधीचं भाषण झालं की लोक विचारतात, ‘बोलला कसा?’ माझं लक्ष दुसरीकडे असतं. टाळी कुठे पडली, कुठे पडायला हवी होती आणि पडली नाही, घरी गेल्यावर लोकांनी केलं काय, हे मी शोधत बसतो. भाषण एकाचं असतं, टाळी हजारोंची. देशाच्या मनात त्या दिवशी काय चाललं होतं, ते त्या टाळीत सापडतं. आज अमेरिकेतल्या दोन भाषणांबद्दल बोलणार आहे.

पहिलं ४ मार्च १९३३ चं. फ्रँकलिन रूझवेल्ट शपथ घेत होते तेव्हा देशातल्या बहुतेक बँकांना कुलपं होती किंवा पैसे काढण्यावर निर्बंध होते. काम करू शकणाऱ्या दर चार माणसांतला जवळजवळ एक बेकार. ‘आपल्याला भ्यायचं असेल तर ते फक्त भीतीलाच’ हे त्यांचं वाक्य आज शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. तुम्हाला वाटेल, त्याच वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला असेल. नाही झाला. सगळ्यात मोठा प्रतिसाद मिळाला तो शेवटाकडे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वेळेत पावलं उचलली नाहीत तर परकी शत्रू चालून आल्यावर मिळतील तेवढे व्यापक अधिकार मी मागेन, असं ते म्हणाले आणि लोक उसळले. एलेनॉर रूझवेल्ट त्याच दिवशी एका वार्ताहर बाईंना म्हणाल्या की ते सगळं फार गंभीर होतं, आणि थोडं भयंकरही. नवऱ्याच्या गौरवाच्या दिवशी त्यांना ती टाळी ऐकून भीती वाटली, याचं मला फार मोल वाटतं. दुसऱ्याच दिवशी, ५ मार्चला, जर्मनीत निवडणूक होती. हिटलर चॅन्सेलर होऊन पाच आठवडे उलटले नव्हते. गांजलेली माणसं बळकट हातासाठी आसुसतात, ती एकाच देशात नव्हेत.

अमेरिकेचं पुढे वेगळं झालं, आणि त्याचं श्रेय मी टाळीला देत नाही, टपालाला देतो. पहिल्या आठवड्यात व्हाइट हाउसला साडेचार लाखांच्या आसपास पत्रं आली. तोवर तिथलं टपाल प्रामुख्याने एकच कर्मचारी सांभाळत असे! माणसं आपली अडचण, आपला धीर, आपली तक्रार थेट राष्ट्राध्यक्षाला लिहायला लागली. १२ मार्चला रूझवेल्ट रेडिओवर आले आणि ‘मला थोडा वेळ बँकांविषयी बोलायचंय’ अशा घरगुती सुरात त्यांनी सगळा व्यवहार उलगडून सांगितला. १३ तारखेपासून बँका उघडायला लागल्या. लोक रांगेत उभे राहिले ते घरात दडवलेली रोकड परत भरायला. पंधरवड्यात निम्म्याहून जास्त रोकड बँकांत परतली. या प्रतिक्रियेला मी टाळीपेक्षा मोठं मानतो, कारण तिच्यात लोकांनी स्वतःची पुंजी पणाला लावली.

आता मागे जाऊ. ४ मार्च १८६५. उत्तरेतली राज्यं आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं यांच्यातलं यादवी युद्ध संपत आलेलं. सकाळी पाऊस, सगळीकडे चिखल. अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेणार होते. आधीच्या भाषणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच. १८६१ साली ‘आपण शत्रू नाही, मित्र आहोत’ असं त्यांनी कळवळून सांगितलं, तेव्हा उत्तरेतल्या कित्येक वर्तमानपत्रांना ते समजुतीचं वाटलं आणि दक्षिणेतल्या कित्येकांनी त्यालाच युद्धाची हाक म्हटलं. सव्वा महिन्यात फोर्ट समटर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा धडाडल्या आणि युद्ध पेटलं.

या वेळी भाषण जेमतेम सातशे शब्दांचं. विजय तोंडावर आलेला, लोक जयघोष ऐकायला आलेले. लिंकननी काय सांगावं? दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला आळवतात. गुलामगिरीचा दोष त्यांनी फक्त दक्षिणेच्या माथी मारला नाही. अडीचशे वर्षं फुकट राबवून घेतलेल्या माणसांच्या घामावर जमवलेली संपत्ती बुडेपर्यंत, चाबकाने काढलेल्या रक्ताच्या थेंबाथेंबाची तलवारीने भरपाई होईपर्यंत हे युद्ध चालावं अशी देवाचीच इच्छा असेल, तर त्याचा न्याय खराच म्हणावा लागेल, असं ते म्हणाले. जिंकणाऱ्यांना हे ऐकवायला केवढं धैर्य लागतं!

गर्दीत गुलामगिरीविरुद्ध लढणारे फ्रेडरिक डग्लस उभे होते. जन्माने गुलाम, १८३८ साली पळून स्वतंत्र झालेले. त्यांनी लिहून ठेवलंय की आपण आनंदाने टाळ्या वाजवल्या, पण आसपासच्या अनेक चेहऱ्यांवर अगदी निराळे भाव दिसत होते.

संध्याकाळी ते व्हाइट हाउसच्या स्वागत समारंभाला गेले. दारावर दोन पोलिसांनी अडवलं. काळ्या माणसांना आत सोडायचं नाही, असा हुकूम असल्याचं सांगितलं. डग्लस हटेनात, तेव्हा ‘या, या’ म्हणत त्यांना आत घेतलं आणि एका खिडकीकडे नेलं. गर्दीला बाहेर पडता यावं म्हणून त्या खिडकीला फळ्या लावल्या होत्या. म्हणजे आत घेतल्यासारखं करून परस्पर बाहेर काढायचा बेत! डग्लसनी तो ओळखला आणि लिंकनना निरोप धाडला. डग्लसनी ईस्ट रूम या दालनात पाऊल टाकताच लिंकन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हे बघा माझे मित्र डग्लस.’ मग हात हातात घेऊन विचारलं, ‘आज तुम्हाला गर्दीत पाहिलं. भाषण कसं वाटलं?’ डग्लस संकोचले, मागे रांग खोळंबली होती. लिंकन म्हणाले, ‘तुमच्या मताइतकी किंमत मी या देशात दुसऱ्या कुणाच्याही मताला देत नाही.’ डग्लस म्हणाले, ‘मिस्टर लिंकन, ते एक पवित्र काम होतं.’ हा प्रसंग सांगताना मला दरवेळी गलबलून येतं.

अकरा दिवसांनी थर्लो वीड या राजकारण्याला लिहिलेल्या पत्रात लिंकन म्हणतात की हे भाषण टिकेल, पण ते लगेच लोकप्रिय होणारं नाही. देवाचा हेतू आणि आपला हेतू वेगळे होते, हे दाखवून दिलेलं माणसांना रुचत नाही. त्या गर्दीत जॉन विल्क्स बूथही होता. १४ एप्रिलला त्यानेच लिंकनवर गोळी झाडून त्यांचा जीव घेतला.

ते भाषण आज वॉशिंग्टनमधल्या लिंकन स्मारकाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर कोरलेलं आहे. ३० मे १९२२ रोजी स्मारकाचं लोकार्पण झालं. चाबकाच्या रक्ताचं ते वाक्य तेव्हा आत भिंतीवर होतं, आणि बाहेर सोहळ्याला आलेल्या काळ्या पाहुण्यांना वेगळ्या राखलेल्या जागेत बसवलं होतं.